चित्रे पाहण्याचा संस्कार

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



म्हैसूरला सहलीला जाणाऱ्या मराठी कुटुंबाचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. सकाळी चामुंडी टेकडी, त्यानंतर मुख्य राजवाडा, दुपारी प्राणिसंग्रहालय आणि दिवेलागणीला वृंदावन उद्यानातील कारंजी. या धावपळीत जगन्मोहन राजवाड्याच्या वाट्याला आला तर अर्धा तास येतो, आणि तोही बसचालकाची मर्जी असेल तर. वास्तविक हा राजवाडा म्हणजे दक्षिण भारतातील एक नामांकित चित्रशाळा आहे. तिसरे कृष्णराज वडियार यांनी तो १८६१ मध्ये बांधून पूर्ण केला. १८९७ मध्ये जुना लाकडी राजवाडा आगीत भस्मसात झाला तेव्हा राजकुटुंबाने याच वास्तूचा आश्रय घेतला होता. १९१५ मध्ये, चौथ्या कृष्णराजांच्या कारकिर्दीत, येथे कलादालन सुरू झाले आणि १९५५ मध्ये त्याला श्री जयचामराजेंद्र वडियार यांचे नाव देण्यात आले.

मंडळी आत शिरतात. चिमुकल्या शिपायांचे संचलन घडवणाऱ्या फ्रेंच घड्याळापाशी गर्दी करतात. तांदळाच्या दाण्यावर काढलेली चित्रे पाहून थक्क होतात. दाण्यावरील चित्र पाहून माणूस थक्क का होतो, हे समजण्यासारखे आहे. तिथे कौशल्य मोजता येते. चित्रातील भाव मात्र मोजता येत नाही, त्याला थोडा वेळ द्यावा लागतो, आणि नेमका तोच सहलीच्या वेळापत्रकात नसतो. तरीही एका चित्रापाशी सगळ्यांचे पाऊल अडखळते. हातात दिवा घेऊन उभी असलेली ती स्त्री. या चित्रासमोर बोलके प्रवासीसुद्धा क्षणभर गप्प होतात, आणि मग कुणाच्या तरी तोंडून जाणतेपणाने उद्गार निघतो, ‘रविवर्म्याचे चित्र!’ बाकीचे माना डोलावतात आणि पुढे सरकतात.

ते चित्र राजा रविवर्मा यांचे नाही. ते सावंतवाडीच्या एका मराठी माणसाने काढलेले आहे. त्याचे नाव सावळाराम लक्ष्मण हळदणकर. महाराष्ट्रातून शेकडो मैल प्रवास करून गेलेल्या मराठी माणसाने आपल्याच माणसाच्या कलाकृतीसमोर उभे राहावे आणि तिचे श्रेय दुसऱ्याला देऊन परतावे, हा प्रकार मनाला लागणारा आहे. परंतु नावाची गोष्ट नंतर. आधी ते चित्र नीट पाहायला हवे.

एक स्त्री उभी आहे. एका हातात पितळी दिवा आहे आणि वारा लागू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा तिने ज्योतीला केला आहे. त्यामुळे ज्योत बोटांआड गेली आहे. दिसतो तो तिचा उजेड. तो बोटांच्या फटींतून झिरपतो, बोटांच्या कडा लालसर करून सोडतो, चेहऱ्यावर चढतो, साडीच्या चुण्यांवर ओघळतो आणि मागे काळोखात विरून जातो. देवघरातले निरांजन तुळशीपर्यंत नेताना ज्या ज्या गृहिणीने हाताचा असा आडोसा केला आहे, तिला तळव्यातून आरपार दिसणारी ती लाली ठाऊक आहे. चित्रकाराने नवे काही कल्पिलेले नाही. घराघरांत रोज घडणारी आणि म्हणूनच कुणाच्या लक्षात न येणारी एक गोष्ट त्याने लक्षपूर्वक पाहिली. चित्रात देवी नाही, दागदागिन्यांचा डामडौल नाही, कथाप्रसंगही नाही. आहे ती फक्त दिवेलागण. हे चित्र काळोख्या दालनात मांडण्याची पद्धत पुष्कळ वर्षे राहिली. पडदे ओढले की पाहणाऱ्याला क्षणभर वाटते, कागदामागे कुणीतरी खरोखरच दिवा लावून ठेवला आहे.

होय, कागदामागे. कारण हे तैलचित्र नाही, जलरंगातले चित्र आहे, आणि इथेच हळदणकरांच्या सामर्थ्याची खरी ओळख पटते. तैलरंगात चूक झाली तर ती खरवडता येते, झाकता येते. काळ्यावर पांढरा रंग चढवून उजेड निर्माण करता येतो. पारदर्शक जलरंगात तशी सोय नाही. तिथे पांढरा रंग म्हणजे कागदच. जिथे उजेड हवा तिथला कागद चित्रकाराने पहिल्यापासून राखून ठेवायचा आणि फिक्याकडून गडदाकडे, एकावर एक पातळ थर देत जायचे. एकदा गडद थर चढला की गेलेला उजेड पुन्हा आणणे जवळजवळ अशक्य. म्हणजे या चित्रातला सगळा प्रकाश हा चित्रकाराने जिथे रंग लावला नाही किंवा अगदी हलका लावला, तिथला आहे, आणि भोवतालचा काळोख मात्र त्याने थरावर थर देऊन मेहनतीने उभा केला आहे. एवढ्या मोठ्या आकृतीचे, एवढ्या गडद पार्श्वभूमीचे चित्र जलरंगात काढायला घेणे हेच धाडस होते.

हळदणकरांचा जन्म १८८२ चा. सावंतवाडी संस्थानच्या आश्रयाने ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकायला गेले. १९०८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची चित्रकला संस्था काढली आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. १९६८ मध्ये ते निवर्तले. दिव्याचे हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचे, म्हणजे त्यांनी साठी ओलांडल्यानंतरचे. इंग्रजीत ते ‘ग्लो ऑफ होप’ म्हणून ओळखले जाते. लोकांनी त्याला ‘दिवा घेतलेली स्त्री’ असे आपले साधे नाव दिले आहे.

आणि ती स्त्री कोण? ती कुणी राजघराण्यातली रूपवती नव्हती. ती हळदणकरांची कन्या गीता. एका दिवाळीत दिवा हाती धरलेल्या आपल्या मुलीकडे पाहून वडिलांना हे चित्र सुचले आणि मुलगी त्यांच्यासाठी तशीच दिवा धरून उभी राहिली. चित्रासाठी उभे राहणे ही काय परीक्षा असते, हे ज्याने केले त्यालाच कळते. हात अवघडतो, मान दुखते, पण बोट हलवायचे नाही, कारण बोट हलले की उजेड हलतो. पुढे गीता उपळेकर या नावाने त्या कोल्हापुरात राहिल्या आणि २०१८ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. म्हैसूरच्या चित्रासमोर रविवर्म्याचे नाव घेऊन पुढे सरकलेल्या कितीतरी मराठी कुटुंबांना कल्पनाही नव्हती की चित्रातली ती दीपधारिणी आपल्याच महाराष्ट्रात, अंबाबाईच्या नगरीत, हयात आहे.

आता त्या चुकीच्या नावाकडे वळू. ती चूक रविवर्मा यांच्या थोरवीचीही साक्ष आहे, हे मान्य करायला हवे. मराठी घराला चित्र म्हणजे काय हे प्रथम कुणी दाखवले असेल तर ते केरळातील किळीमानूरच्या या चित्रकाराने. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत शिळाछापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे नेला. तिथून छापून निघालेल्या लक्ष्मी, सरस्वती आणि शकुंतला घराघरांच्या भिंतींवर, देवघरांत, दुकानांच्या गल्ल्यांमागे जाऊन बसल्या. ज्यांना मंदिराच्या गाभाऱ्यापर्यंत पोहोचता येत नव्हते, अशांच्याही घरात देव पोहोचले. चित्रपटसृष्टीचे जनक दादासाहेब फाळके यांनीही काही काळ त्याच छापखान्यात काम केले होते. परिणाम असा झाला की जुने, सुंदर आणि भारतीय दिसणारे कोणतेही चित्र म्हणजे रविवर्म्याचे, हे समीकरण समाजमनात पक्के झाले.

जगन्मोहन राजवाड्यात रविवर्मा यांची मूळ चित्रे आहेतच, आणि छापील प्रतींवर ज्यांचे डोळे पोसले आहेत त्यांनी ती अवश्य पाहावीत. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत म्हैसूरच्या महाराजांसाठी त्यांनी काही पौराणिक चित्रे केली. १९०५ च्या आरंभी त्यांचा धाकटा भाऊ आणि सहकारी चित्रकार सी. राजराज वर्मा वारला होता. स्वतःची प्रकृतीही साथ देत नव्हती, आणि १९०६ च्या ऑक्टोबरमध्ये तेही गेले. त्या काळातला त्यांचा समुद्रावर कोपलेला राम पाहावा. लाटांनी झोडपलेल्या खडकावर धनुष्य सरसावून उभा असलेला तो राम शांत, सस्मित, रामपंचायतनातला राम नव्हे. तीन दिवस विनवणी करूनही समुद्र वाट देत नाही म्हणून ज्याचा संयम संपला आहे असा तो पुरुषार्थी राम आहे. कॅलेंडरावर हे चित्र तळहाताएवढे होते तेव्हा त्यातला वारा दिसत नाही; मूळ चित्रापुढे उभे राहिले की वस्त्र कोणत्या दिशेने फडफडते आहे आणि आकाशातला उजेड लाटेवर कुठे पडला आहे, हे कळते.

तेथेच त्यांचे वादक स्त्रियांचे प्रसिद्ध समूहचित्र आहे. १८८९ चे. अकरा स्त्रिया एकत्र बसल्या-उभ्या आहेत. प्रत्येकीचा प्रांत वेगळा, नेसण वेगळी, वाद्य वेगळे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी पुराणप्रसंगांची चौदा चित्रे सांगितली, तेव्हा आपल्या देवदेवतांना कोणता पोशाख शोभेल याचा शोध घेत रविवर्मा बंधूंनी भारतभर प्रवास केला होता. त्या भ्रमंतीत साठलेला भारत या चित्रात एका बैठकीत जमला आहे. राष्ट्रीय सभेची अधिवेशने नुकतीच कुठे भरू लागली होती, त्या काळात एका चित्रकाराने सगळा देश एका मैफलीत बसवावा, ही गोष्ट साधी नाही. मात्र चित्र बारकाईने पाहिले की एक गंमत ध्यानात येते. या स्त्रिया एकत्र आहेत, पण एकमेकींकडे फारशा पाहत नाहीत. प्रत्येकीची नजर आपापल्या विचारात गुंतलेली आहे. तो दोष म्हणावा की चित्रकाराने देशाबद्दल सांगितलेले सत्य म्हणावे, हे पाहणाऱ्याने ठरवावे. छापील प्रतीत ही गोष्ट सहज निसटून जाते.

या चित्रकाराबद्दल एक जुना वाद आहे आणि तो आपल्या विचारांच्या परिवाराला तरी माहीत असायला हवा. भगिनी निवेदितांनी १९०७ च्या सुमारास रविवर्मा यांच्यावर कठोर टीका केली. जमिनीवर पहुडून कमलपत्रावर पत्र लिहिणारी त्यांची शकुंतला निवेदितांना भारतीय मर्यादेला सोडून असलेली वाटली. युरोपीय धाटणीचे, मांसल आणि नाटकी चित्रण राष्ट्राच्या आत्म्याला स्पर्श करू शकत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्यांना आदर्श वाटली ती अवनींद्रनाथ ठाकूर यांची १९०५ ची भारतमाता: भगव्या वस्त्रातली, चार हातांत अन्न, वस्त्र, विद्या आणि दीक्षा यांची प्रतीके घेतलेली, अंगाने जणू धुक्याची. निवेदितांचे राष्ट्रावरचे प्रेम वादातीत आहे आणि त्यांनी विचारलेला प्रश्नही खोटा नाही. परक्यांकडून घेतलेल्या हत्याराने स्वतःचे मन व्यक्त करता येते का?

हळदणकरांचा दिवा हे या प्रश्नाला मिळालेले एक उत्तर आहे. जलरंगाची ती रीत इंग्रजांच्या कलाशाळेत शिकलेली, छायाप्रकाशाचे गणित युरोपचे. निवेदितांच्या कसोटीवर हे चित्र कदाचित नापास झाले असते. पण त्या ज्योतीला आडोसा करणाऱ्या हाताची जी लकब आहे, ती कोणत्याही परक्या शाळेत शिकवली जात नाही. ती आईकडून मुलीकडे येते. रीत कुठून आली याची चौकशी जरूर व्हावी; पण चित्र कुणाचे हे ठरवताना ते कशाकडे पाहून काढले आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा मानला पाहिजे. या एका बाबतीत निवेदितांचा निवाडा मराठी रसिकाला आदरपूर्वक बाजूला ठेवावा लागतो. स्वदेशी ही सामग्रीची गोष्ट आहेच, परंतु ती दृष्टीचीही आहे.

आणि आपली अडचण दृष्टीचीच आहे. आपली माणसे अरसिक आहेत असे मुळीच नाही. एखादा उत्सव असो, वर्षप्रतिपदेची शोभायात्रा असो, पहाटे उठून चौकात संस्कार भारतीची भव्य रांगोळी घालणाऱ्या भगिनी मुळाक्षरे गिरवावीत इतक्या सहजतेने वर्तुळे काढतात, रंगांचे मेळ साधतात. त्या घरांतली मुले शास्त्रीय गायनाला जातात, नाट्यप्रयोगांना जातात. चित्र मात्र पाहायला कुणी जात नाही. गाण्याच्या मैफलीत गायकाचे नाव, घराणे, गुरू विचारणारा सुशिक्षित माणूस चित्रासमोर चित्रकाराचे नाव विचारत नाही. वारशाचा अभिमान तो व्यासपीठावरून सांगतो, आणि त्या वारशाच्या निर्मात्यांपैकी पाच चित्रकारांची नावे मात्र त्याला आठवून सांगता येत नाहीत. असा अभिमान कितीसा पुरा पडणार? घोषणेला आवाज पुरतो. पाहायला शांतपणा लागतो.

चित्रशाळेत गेल्यावर सगळीच चित्रे पाहण्याचा अट्टहास आधी सोडावा. कथेला जाऊन कुणी एका बैठकीत अठरा पर्वे ऐकत नाही. चार-पाच चित्रे निवडावीत. प्रत्येकासमोर निदान पाच मिनिटे तरी थांबावे. पहिल्या मिनिटात विषय कळतो, दुसऱ्यात उजेड कुठून येतो ते कळते आणि त्यानंतर हळूहळू चित्रकार दिसू लागतो. आधी दुरून पाहावे, मग जवळ जावे, पुन्हा मागे यावे. बरोबर मुले असतील तर त्यांना ‘हे कशाचे चित्र आहे’ असे विचारू नये. शाळेची परीक्षा तिथेही नको. ‘या बाईच्या हातातला दिवा विझला तर चित्रात काय काय दिसेनासे होईल?’ असे विचारावे. मूल चित्राकडे पाहू लागते आणि मोठ्यांना न दिसलेल्या दोन गोष्टी सांगते. भ्रमणध्वनीवर छायाचित्र टिपण्याआधी डोळ्यांनी टिपावे, हे सांगण्याचीही आता वेळ आली आहे. आणि बाहेर पडण्यापूर्वी चित्रकाराचे नाव वाचावे, घरी गेल्यावर लिहून ठेवावे.

यासाठी म्हैसूरलाच जायला हवे असे नाही. मुंबईतील जहांगीर कलादालन १९५२ पासून उभे आहे, तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत. आणि सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात, औंध नावाचे छोटेसे गाव आहे. यमाईच्या डोंगरावर, देवीच्या वाटेवरच, तेथील अधिपती भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये श्री भवानी चित्रसंग्रहालय उघडले. पंत स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे प्रचारक. रामायणाची चित्रमाला त्यांनी स्वतः काढून १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीसाठी त्यांनीच १९१८ मध्ये एक लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि ती आवृत्ती सचित्र असावी असा आग्रह धरला. असा राजा चित्रे जमवतो तेव्हा ती अंतःपुराच्या भिंतींसाठी जमवत नाही. रविवर्मा आहेत, धुरंधर आहेत, आणि इंग्लंडच्या हेन्री मूर यांचे ‘माता आणि बालक’ हे शिल्पही आहे.

याच पंतांनी आपल्या औंधात एका चित्रकाराला बोलावून घेतले होते. सावंतवाडीजवळच्या कोलगावचा, जे. जे. कलाशाळेत शिकलेला, लाहोरात व्यक्तिचित्रे काढून नाव मिळवलेला हा चित्रकार पुढे वेदांच्या अभ्यासात इतका रमला की लोक त्याचा कुंचला विसरले. ते म्हणजे वेदमूर्ती पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर. स्वाध्याय मंडळ त्यांनी औंधातच चालवले, संघाचे कामही तिथेच केले, आणि १९४८ नंतर गुजरातेतील पारडी येथे मुक्काम हलवला. १९६८ मध्ये, हळदणकर गेले त्याच वर्षी, शंभरी पार केलेले पंडितजी निवर्तले. त्यांचे सुपुत्र माधव सातवळेकर हेही नामवंत चित्रकार झाले आणि राज्याचे कलासंचालक राहिले. पंडितजींची वेदभाष्ये आपल्या परिवारातील अनेक घरांच्या कपाटात आहेत. त्यांनी काढलेले एखादे व्यक्तिचित्र मात्र त्यांतल्या फार थोड्यांनी पाहिले असेल.

औंधला जाण्याची वाट अवघड नाही. साताऱ्याहून एसटी जाते. यमाईच्या दर्शनाला निघालेल्याने देवीकडे जाताना किंवा परतताना चित्रसंग्रहालयात शिरावे, आणि सोबत मुले असतील तर त्यांना घाई करू नये.